टायग्याचं दुखणं

आमच्या शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला चांदोलीचं जंगल आहे. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एवढ्या मोठ्या प्रकल्पात वाघ दिसायची मारामार, पण आमच्या वाडीत एका टायमाला चार टायगर होते. वरच्या आळीत एक, पाणंदीच्या तोंडाला एक, किराणा दुकानदाराचा एक आणि आमचा. हाका मारताना घोटाळा व्हायला लागला, म्हणून आमच्याचा टायग्या झाला.

तो ऊसतोड टोळीच्या मागं राहिलेला. २०११ च्या उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, टोळीनं कोप्या मोडल्या आणि माणसं बीडकडं निघून गेली. मोडक्या कोपीच्या पाचटात हे तांबडं पिल्लू राहिलं. थोरल्यानं ते पाटीत घालून आणलं. मी म्हणालो, राहू दे, रानात राखणीला होईल. आमच्याकडं कुत्रं असंच येतं. विकत आणत नाही, निवडत नाही.

राखण मात्र त्यानं मनापासून केली. रानडुकरं भुईमुगात शिरायची, त्यांच्यामागं रात्रभर पळायचा. आता आमच्याकडच्या उसात बिबट्या कायमचाच राहायला आला आहे. त्याची पिल्लंही उसातच जन्मतात, त्यांना जंगल ठाऊकच नसतं. म्हणून लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून त्याच्या गळ्यात घातला होता. एका रात्री गोठ्यामागं झटापट झाली. सकाळी पट्ट्याचे दोन खिळे वाकलेले आणि टायग्याचा खांदा फाटलेला. आत वासरू सुखरूप. बिबट्यानं शेळी मारली तर वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्रं नेलं तर कुणी विचारत नाही. खांद्याला हळद भरली, पंधरा दिवसांत तो परत बांधावर.

मी दहावी शिकलो तेव्हापासून एक सवय लागली आहे, हिशेबाची वही लिहायची. बी, खत, मजुरी, उसाचं टनेज, सगळं त्यात असतं. म्हशीचं पान वेगळं, गाईचं वेगळं, बैल होते तोवर बैलांचं वेगळं. म्हैस किती दिवस आटली, किती लिटर दिलं, पेंड किती खाल्ली. टायग्याचं पान नव्हतं. त्याचा खर्चच काय होता? सकाळी एक भाकरी, संध्याकाळी एक, आणि उष्टं.

२०२२ च्या श्रावणात, गोकुळअष्टमी होऊन गेल्यावर, एका सकाळी तो गोठ्याच्या दारात बसला होता आणि त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं. पुढ्यात जमीन हाताएवढी लाल झाली होती. दोन-चार दिवस तो भाकरी अर्धी टाकत होता, पण पावसात जनावर मंद होतंच, असं आम्हाला वाटलेलं.

शेजारचा बघायला आला आणि म्हणाला, "तात्या, घोणस चावली. रगात फुटलंय म्हंजे तीच."

शिराळ्यातल्या माणसाला सापाचं सांगावं लागत नाही. गोरक्षनाथांपासून इथं नागाची पूजा चालत आली असं आम्ही मानतो. न्यायालयाच्या आदेशानं पंचमीला जिवंत नाग पुजायचं थांबलं, पण पूर्वी नाग धरून आणायचे, जपायचे आणि जिथून धरला तिथंच परत सोडायचे. घोणसच्या विषानं रक्त गोठायचं बंद होतं, हे आमच्याकडं शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं. त्यामुळं मलाही तेच वाटलं. मोटारसायकलवर मधे पोतं टाकून, मागं थोरल्याच्या मांडीवर टायग्याला धरून आम्ही डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी आधी अंग चाचपलं. घोणस चावली तर तिथं सूज पाहिजे, ती कुठंच नव्हती. मग पायाच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी न हलवता टेबलावर ठेवून घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्ताची गुठळी झाली होती. माणसाला साप चावल्यावर दवाखान्यात हीच परीक्षा करतात, मी दोनदा बघितली आहे. "घोणस नाही," ते म्हणाले. मग त्यांनी टायग्याचा ओठ वर केला. हिरड्या धुतलेल्या पटक्यासारख्या पांढऱ्या. डोळ्याची खालची पापणी ओढली, आतून तसंच. शेवटी कान उलटा केला. आत तपकिरी गोचड्या चिकटून बसलेल्या, ज्वारीच्या दाण्यासारख्या.

रक्त इस्लामपूरला तपासलं. प्लेटलेट नावाच्या पेशी दोन लाखांच्या वर पाहिजेत, त्या बावीस हजार होत्या. रक्त निम्म्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, गोचीड ताप.

गोचीड आम्हाला नवी नाही. पण म्हशीची गोचीड वेगळी आणि कुत्र्याची वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं. म्हशी-गाईची गोचीड लहानाची मोठी एकाच जनावरावर होते. कुत्र्याची ही तपकिरी जात रक्त पिऊन झाली की खाली उतरते, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. एक मादी हजारांनी अंडी घालते. कुत्रं मिळालं नाही तरी भेगेत महिनोन्‌महिने उपाशी जगते. तिच्या तोंडातून एक जंतू रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशीत घर करतो. थोडे दिवस ताप येतो, उतरतो. मग कधीकधी वर्ष-वर्ष काहीच दिसत नाही. कुत्रं हिंडतं, फिरतं, राखण करतं, आणि आत हाडातल्या मगजात रक्त तयार व्हायचं बंद होत जातं. डॉक्टरांनी सांगितलं की व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेच्या लष्करानं नेलेली जर्मन शेफर्ड कुत्री शेकड्यांनी या रोगानं मेली, त्यांचीही नाकं अशीच फुटायची. अमेरिकेच्या लष्कराच्या कुत्र्याला आणि आमच्या पाचटातल्या पिल्लाला एकच दुखणं, याचं मला त्याही वेळी नवल वाटलं.

औषध साधंच निघालं. डॉक्सीसायक्लिन, माणसाला लेप्टोला देतात तीच गोळी. रोज, अठ्ठावीस दिवस, एक दिवस चुकवायचा नाही. दुधातून द्यायची नाही, दुधात गोळीचा गुण जातो. उपाशीपोटी द्यायची नाही. रक्त वाढायला काळीज खाऊ घाला, असंही ते म्हणाले.

आता श्रावणात आमच्या घरात मटणाचा वाससुद्धा चालत नाही. बायकोला सांगितलं तर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्यानं शिराळ्यातून पाव किलो काळीज आणलं. बायकोनं गोठ्यामागं तीन दगड मांडले, जुनं जर्मनचं पातेलं काढलं आणि पावसाची भुरभुर चालू असताना डोक्यावर इरलं घेऊन तिथं ते शिजवलं. मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि घरात आली. श्रावण संपेपर्यंत रोज हेच. कुणी काही म्हणालं तर म्हणायची, "देवाला कळतंय की. म्यां थोडीच खातीया."

बोलणारे होतेच. डॉक्टर, तपासणी, गोळ्या, रक्तवाढीचं औषध, अंगाला लावायचं गोचिडाचं औषध, पहिल्या दहा दिवसांत चार हजार गेले. किराणा दुकानदार तर दुकानात चारजणांत म्हणाला, "तात्या, एवढ्यात शेळी आली असती. कुत्र्यापायी कुणी घालवतंय का?" त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी आयुष्यभर जनावराचा विचार तसाच केला आहे. म्हशीला दोन हजाराचं इंजेक्शन देताना मी कधी मागंपुढं बघितलं नाही, कारण ती वीस दिवसांत ते परत देते. टायग्याच्या बाबतीत परत काय येणार होतं? अकरा वर्षांचं कुत्रं. बरं झालं तरी आणखी दोन वर्षं. दुकानातून येताना मी हे सगळं मनात मांडून बघितलं, आणि घरी येऊन त्याला गोळी दिली. उत्तर काही सापडलं नव्हतं.

आमच्याकडं बैलाला बेंदूर आहे, नागाला पंचमी आहे, गाईला वसुबारस आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, पण ती फोटोत. नेपाळात मात्र दिवाळीतला एक दिवस कुत्र्याचा असतो. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा, खायला गोडधोड. इस्लामपूरला एका गुरख्यानं मला हे सांगितलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो.

गोळ्यांनी गुण आला. दहाव्या दिवशी रक्त थांबलं, पंधराव्या दिवशी तो उठून बांधापर्यंत गेला. पुन्हा तपासलं तर प्लेटलेट नव्वद हजार. गणपती बसले, उठले. थोरल्यानं गोठ्याची भिंत खरवडून भेगांत चुना भरला, पाचट जाळलं, औषध फवारलं.

तेवढ्यात लम्पी आला. सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात गाईंच्या अंगावर गाठी दिसायला लागल्या. जनावरांचे बाजार बंद झाले, सरकारी डॉक्टर रात्रंदिवस गावोगाव शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत फिरत होते. सरकारनं भरपाई ठरवली. दुभती गाय मेली तर ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. मी ते पेपरात वाचलं आणि आमच्या गाईकडं बघितलं. तिला लस टोचून घेतली होती. त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला टायग्या पडलेला. एका छपराखालची दोन जनावरं. एकाची किंमत पेपरात छापून आलेली.

पितृपंधरवड्यात आमच्या घरी म्हाळ असतो. पानं वाढायच्या आधी गाईचा, कुत्र्याचा आणि कावळ्याचा घास काढतात. दरसाल कुत्र्याचा घास टायग्याचाच. त्या वर्षी बायकोनं वडा-खीर त्याच्यापुढं ठेवली. त्यानं हुंगलं, शेपटी एकदा हलवली आणि मान फिरवली. मग उठून हौदाकडं गेला आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिला. तसं तो आठवडाभर पीत होता. रात्री ओकला. तोंडाला लघवीसारखा वास येत होता.

डॉक्टर म्हणाले, आता माझ्या हातात नाही, शिरवळला न्या.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नाना पाटील आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे, त्यामुळं नावाचा आधार वाटला. पण ते पडतं सातारच्या पलीकडं, खंबाटकीचा बोगदा ओलांडून. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा करत साडेतीन तास. भावकीतल्या एकाची ओमनी घेतली, मागची सीट काढून गोधडी घातली. बायको आली. तिचा नवरात्राचा उपास होता. मी म्हणालो, तू कशाला? ती म्हणाली, "त्यो माझ्या हातनं पाणी पितुया, तुमच्या न्हाई."

तिथं बैल होते, शेळ्या होत्या, शहरातल्या लोकांची मोठ्या केसांची कुत्री होती. आमच्याकडं कुणी हसलं नाही. एका शिकाऊ पोरीनं टायग्याच्या खांद्यावरचा व्रण बघून विचारलं, हे कशाचं? मी बिबट्याचं सांगितलं. तिनं बाकीच्या पोरांना बोलावून दाखवलं. टायग्या बिचारा टेबलावर पडल्या-पडल्या तिचा हात चाटत होता.

रक्ताचा कागद आला. क्रिएटिनिन कुत्र्याला दीडच्या आत पाहिजे, ते सातच्या जवळ होतं. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. जंतू गेला होता, गोळ्यांनी काम केलं होतं. पण इतके दिवस शरीर त्या जंतूशी भांडलं, त्या भांडणाचा गाळ मूत्रपिंडाच्या चाळणीत बसला. चाळणी एकदा गेली की परत येत नाही. सलाईन लावून, उलटीचं औषध देऊन थोडे दिवस मिळतील.

"आणि न्हाई दिलं तर?"

"तर त्याला त्रास होईल. तुमची इच्छा असेल तर झोपेचं इंजेक्शनही देता येतं." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

मी बायकोकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "तुमी काय सांगायचं ते सांगा. मला इचारू नगा."

खेड्यात कुत्रं मारतात ते पिसाळलं तर. बाकी म्हातारं कुत्रं कुठंतरी निघून जातं, उसात, ओढ्याला, आणि परत येत नाही. आपल्या हातानं आणून बसवलेल्या जनावराला सुई द्यायची, असं आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "त्याला दुखतंय का?" ते म्हणाले, "आत्ता दुखण्यापेक्षा मळमळ जास्त आहे. औषधावर काही दिवस बरे जातील. पण ज्या दिवशी पाणी सोडेल आणि उठता येणार नाही, त्या दिवसापासूनचे दिवस फक्त तुमच्यासाठी असतील, त्याच्यासाठी नाहीत." मी ते वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

परत येताना साताऱ्याजवळ मला माहुली आठवली. एका पाहुण्याची रक्षा सोडायला मी संगम माहुलीला गेलो होतो, तेव्हा तिथं खंड्याची समाधी बघितलेली. खंड्या हे थोरल्या शाहू महाराजांचं कुत्रं. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. शाहू महाराज वारले १७४९ साली, म्हणजे अडीचशे वर्षांच्या वरची गोष्ट. बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "राजाचं कुत्रं हुतं. आपल्याला कोण बोलल्याबिगर ऱ्हातंय?" आणि मग बराच वेळानं, "आपल्यानंबी वासरू वाचीवलंय की."

पुढचे दिवस सलाईनचे. गावचे डॉक्टर सकाळी लम्पीच्या फेरीला जाताना सुई लावून जायचे. बाटली गोठ्याच्या वाशाला टांगायची आणि थेंब मोजत बसायचं. टायग्या हलला की नळी निघायची, म्हणून मी शेजारी खाटलं टाकलं. भांगलण राहिली, भुईमूग काढायचा राहिला, थोरला एकटा करत होता, कुरकुर न करता. पहिले चार दिवस खरंच बरे गेले. त्यानं भाताची पेज खाल्ली. एका रात्री उसात खसखस झाली तर बसल्या जागी मान वर करून गुरगुरला. भुंकायला आवाज नव्हता. मीच काठी आपटली, त्याच्या वतीनं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पाण्याची वाटी तोंडाशी नेली. त्यानं तिच्याकडं बघितलं, जीभ काढली नाही. दुपारी परत, तेच. संध्याकाळी तो उठायला गेला आणि मागचे पाय आलेच नाहीत. जागेवरच लघवी झाली, ती आपण केली याची त्याला लाज वाटली असावी, कारण त्यानं तोंड भिंतीकडं केलं. अकरा वर्षांत गोठ्यात त्यानं कधी घाण केली नव्हती.

मी डॉक्टरांना फोन केला. "या" एवढंच म्हणालो. त्यांनीही काही विचारलं नाही.

दोन इंजेक्शनं असतात. आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. बायको डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला इचारू नगा म्हणाली होती, पण जागेवरून हलली नाही. माझा हात त्याच्या त्या बिबट्याच्या व्रणावर होता. पहिल्या सुईनंतर त्यानं लांब श्वास टाकला, ऊन लागल्यावर सावलीत पडताना टाकायचा तसा. दुसरी कधी टोचली ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि मान हलवली. पैसे घेतले नाहीत. "खोल पुरा," म्हणाले, "कोल्ह्या-तरसानं उकरून खाल्लं तर औषध त्यांना बाधेल."

थोरल्यानं आणि मी बांधावरच्या आंब्याखाली कमरेइतका खड्डा काढला. वर काटे टाकले, दगड रचले. खिळ्यांचा पट्टा काढून ठेवायचा का, असं थोरल्यानं विचारलं. मी म्हणालो, ठेव, लोखंड चांगलं आहे. तो अजून गोठ्याच्या खुंटीला आहे.

आठ दिवस मी वहीत काही लिहिलं नाही. मग बसलो आणि सगळा खर्च उतरवला, गाडीभाड्यासकट अकरा हजार सहाशे चाळीस. कुठल्या पानावर लिहायचं ते ठरेना. शेवटी घरखर्चाच्या पानावर लिहिलं, सूनबाईचं बाळंतपण लिहिलं होतं त्याच्या खाली.

त्या हिवाळ्यात, ऊसतोड जोरात चालू असताना, किराणा दुकानदार रात्री दाराशी आला. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याचा टायगर दोन दिवस खात नव्हता आणि सकाळी नाकातून रक्त आलं होतं. "तात्या, ती गोळी कंची हुती?" त्यानं विचारलं. मी उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, डॉक्टरांचा नंबर दिला. गोळी द्यायच्या आधी रक्त तपासून घे, म्हणालो, आणि पुढं दुधातून देऊ नकोस. बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर दुकानापर्यंत गेलो. टायगर पोत्यावर पडला होता. मी खाली बसलो आणि त्याचा कान उलटा केला.